खाडीची वाट साफ करणारे मधूभाऊ

बाटलीभर पाण्यापायी मधूभाऊंची नोकरी गेली.

आज पहाटे मधूभाऊही गेले. म्हणून आता लिहून टाकतो.

ऐंशीचं दशक. बोईसरच्या एका केमिकल कंपनीत आम्ही दोघं लॅबमध्ये. ते सीनियर, मी नवा.

दर रविवारी ते सायकलला कोयता आणि गोणपाट बांधून खाडीवर जायचे. खाडीकाठच्या पायवाटेवर काचा, पत्रे, फुटके डबे. कोळणी त्याच वाटेनं अनवाणी बाजाराला यायच्या.

एकीच्या पायात काच घुसलेली त्यांनी पाहिली होती. एवढंच निमित्त.

हळूहळू आम्ही पाच-सहा जण झालो. वाट झाडायची, तिवरांच्या झाडांत अडकलेला कचरा ओढून काढायचा, मग बांधावर बसून चहा.

एका रविवारी पोचलो तर पाणी लालसर. ओहोटी लागलेली, आणि चिखलात बोय मासे पोटं वर करून पडलेले.

वास आमच्या ओळखीचा. रोज लॅबमध्ये येणारा.

हिराबाय ही तिथली कोळीण. रिकामी टोपली घेऊन उभी होती. ओरडली नाही. म्हणाली,
"भाऊ, वाटेवरचा कचरा उचलता तुमी. पान्यातला कोन उचलनार?"

मधूभाऊंनी तिथंच बाटली भरली. सोमवारी पाणी तपासलं, आपल्याच कंपनीविरुद्ध तक्रार लिहिली.

"माझ्या सहीखाली तुझी सही होईल का?" त्यांनी मला विचारलं.

"भाऊ, बाबा आजारी आहेत... माझं लग्नही ठरलंय."

"बरं."

एकट्याच्या सहीनं ते अर्ज घेऊन पालघरच्या तहसील कचेरीत गेले.

आठ दिवसांत त्यांना कामावरून काढलं. गेटवर त्यांची पिशवी उपडी करून तपासत होते, तेव्हा मी वर खिडकीत उभा होतो.

खाली उतरलो नाही.

पुढं चौकशी झाली. बऱ्याच महिन्यांनी खाडीत चोरून सोडलेला पाइप बुजवला. मासळी परत दिसू लागली.

मधूभाऊंना मात्र कुणी परत बोलावलं नाही. मनोरला खतांच्या दुकानात कामाला लागले. तरी रविवारी एसटीनं खाडीवर यायचेच.

मी वर्षभर तिकडं फिरकलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

मग एका रविवारी गेलो. ते भरलेली गोणी ओढत होते. मी म्हणालो, "भाऊ, त्या वेळी मी..."

"अरे, ते दुसरं टोक धर आधी. एकट्याला उचलत नाहीये."

धरलं.

नंतर पुष्कळ वर्षं आम्ही सोबत काम केलं. तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मला धीर झाला नाही.

अंत्यविधी आज दुपारी चारला. ज्यांना जमेल त्यांनी या.

मधूभाऊ, माझं चुकलं होतं. तुम्ही असताना म्हणायला हवं होतं.

शांतपणे जा. साश्रू नमस्कार.