जावई रुसेना

आधी चहा संपवा तुम्ही. हसता हसता ठसका लागला तर माझ्या नावानं ओरडाल!

पिंपळगाव राजा या आमच्या गावात पहिला एम.ए. कोण? मी! आणि तेही ऐऱ्यागैऱ्या विषयात नाही, समाजशास्त्रात. थेट मुंबईला जाऊन. मध्यप्रांत-वऱ्हाडातले भले भले वकील हा शब्द ऐकून म्हणायचे, "हे काय असतं बुवा?" मी गावात पाऊल ठेवलं तेव्हा मान इतकी ताठ, की डोक्यावरची टोपी मागं पडायची. आणि हा एवढा शिकलेला माणूस आपल्याच लग्नात, भर मांडवात असा काही आपटला म्हणता!

आमचे प्रोफेसर सांगायचे, समाजाकडे पाहायच्या तीन तऱ्हा. पहिली म्हणते, समाज म्हणजे माणसाचं अंग. हात-पाय-पोट तशा चालीरीती, प्रत्येकीला काही ना काही काम असतंच. दुसरी म्हणते, कसलं अंग न कसलं काय! समाज म्हणजे रस्सीखेच, वरचा खालच्याला दाबतो, आणि रीत म्हणजे दाबायची युक्ती. तिसरी... तिसरीच्या तासाला मी नव्हतो. चौपाटीवर भेळ खात होतो. दोन आल्या म्हणजे तिसरीही आल्यासारखीच, असं वाटलं मला.

तर मला दुसरी पटली होती. त्या वयात सगळ्यांना दुसरीच पटते हो!

लग्न ठरलं मोताळ्याच्या सुमनशी. सासरे जुने शेतकरी, माणूस सोन्यासारखा. आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पंगतीत नवरदेवानं रुसायचं. तोंड फुगवून बसायचं. मग मुलीचा मामा भेट घेऊन येतो, नवरदेवाची समजूत काढतो, त्याला घास भरवतो, बँड वाजतो, आणि तेव्हाच बाकीचे जेवतात. सुमनचा मामा डोणगावहून माझ्यासाठी नवी कोरी सायकल घेऊन आला होता. मांडवामागं गोधडीखाली झाकून ठेवलेली. मी पाहिली होती बरं का! जीव आत तुटत होता.

पण तत्त्व म्हणजे तत्त्व! मुलीकडच्यांना वाकवायची ही रीत मी मोडणार होतो. ताटावर बसलो, सगळ्यांकडे पाहून गोड हसलो, आणि वरणभात कालवून सरळ जेवायला लागलो.

बायकांची गाणी जागच्या जागी थांबली.

सासरे धावत आले. "जावईबापू, काय चुकलं आमचं?"

"काही नाही! सगळं फार छान आहे."

"मंग रुसत काऊन नाई?"

"राग नाही, तर रुसू कशाला?"

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मागं कुजबुज सुरू झाली. "सांगून नाई राह्यला." "हसून राह्यला पाहा, म्हणजे लयच मोठं काही असन." "पोरगी पसंत नाई वाटते!" ही शेवटची कुजबुज फिरत फिरत आत सुमनपर्यंत गेली, आणि आतून हुंदका ऐकू आला. अक्षता पडून तासही झाला नव्हता हो!

मी आणखी गोड हसलो. तिथंच घात झाला. सासरे मटकन खाली बसले.

आमचे बाबा कानाशी आले. दात-ओठ खात म्हणाले, "रुस ना बे! दोन मिनिटं रुसाले काय जाते तुह्यं?"

"बाबा, हे शोषण आहे."

"हे पंगत आहे! लोकं उपाशी बसून राह्यले!"

बँडवाले उस्मानभाई पिपाणी तोंडाशी धरून कधीचे उभे. गाल दुखायला लागले त्यांचे. तेही गयावया करून म्हणाले, "दुल्हेमियाँ, थोडं नाराज होऊन घ्या ना. हमारा भी खाना बाकी आहे."

मग मी उभा राहिलो आणि भाषण केलं. समाज, दडपण, रीत, सगळं सांगितलं. वाटलं, आता टाळ्या पडतील. एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "बाहेरचं लागलं वाटते याले."

शेवटी मामा पुढं आला. चांगला धिप्पाड माणूस. शांतपणे विचारलं, "जावईबापू, तुमी शिकले काय?"

मी छाती काढून म्हटलं, "समाजशास्त्र!"

"म्हणजे समाजात कसं वागावं, थे शिकोते काय?"

"छे, तसं नाही ते."

"हाव," मामा मान डोलवत म्हणाला, "तसं नाई, थे दिसूनच राह्यलं."

अख्खा मांडव हसला! उस्मानभाईसुद्धा! अहो, माझ्या एम.ए.वर हसले! डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! ताट सरकवलं, पाट फिरवला आणि मांडवाच्या खांबाकडे तोंड करून बसलो. "मी जेवत नाही! जा! कोणी माझ्याशी बोलू नका!"

आणि एकच आरोळी उठली. "रुसले! जवाई रुसले!"

उस्मानभाईंची पिपाणी अशी सुटली की बैल बुजले. सासऱ्यांनी डोळे पुसले. मामा सायकल ढकलत आला. मी ओरडलो, "नको मला तुमची सायकल!" खरंच सांगतो, मनापासून ओरडलो! तर लोक म्हणतात, "वा! रुसावं त असं!" तेवढ्यात मामानं जिलबी तोंडात कोंबली आणि माझं समाजशास्त्र घशाखाली गेलं.

दुसऱ्या दिवशी सुमनला विचारलं, "एवढं रडायला काय झालं होतं?"

ती म्हणाली, "परक्यावर कोनी रुसते काय? माणूस आपल्यावरच रुसते. तुमी रुसले नाई, मले वाटलं, तुमाले आमी आपले नाई वाटलो."

पुढं एक वर्गमित्र भेटला. त्याला म्हटलं, ती तिसरी तऱ्हा काय होती रे? तो म्हणाला, "माणसं आपल्या वागण्याचा काय अर्थ लावतात, ते आधी त्यांनाच विचारायचं." घ्या! बायको न शिकता तेच सांगत होती, आणि मी भेळ खाऊन आलो होतो.

पण नाव झालं बरं का माझं! आज मोताळ्यापासून डोणगावापर्यंत कुठल्या नवरदेवाला नीट रुसता येईना, की बोलावणं मला येतं. मानानं नेतात, फेटा बांधतात. एम.ए.बद्दल आजवर एकानंही विचारलेलं नाही, ते जाऊ द्या.

कालच एक बोलावणं आलं. मी घरी म्हटलं, "या खेपेला समाजशास्त्रावरही दोन शब्द बोलीन म्हणतो."

सुमन म्हणाली, "बोला ना. फक्त पंगत उठल्यावर बोला, नाईतर पाव्हणे उपाशी पळून जातीन."

झालं! ताट सरकवलं आणि रुसून बसलो. खांबाकडे तोंड करून, अगदी तसाच. तालुक्यात माझ्यासारखं कोणी रुसत नाही, हे मी छातीठोक सांगतो. आणि ही बाई? शांतपणे जेवली, माझ्याही वाटची जिलबी खाल्ली आणि ताटं उचलून घेऊन गेली.

म्हणून तर सकाळी सकाळी तुमच्याकडे चहाला आलो. काही खायला आहे का हो?