तिसऱ्या मजल्यावरची पोटभाडेकरू

त्या अर्जाचा विषय मला अजून शब्द न् शब्द आठवतो : ‘भाडेकरूने परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवल्याबाबत.’ मी तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. अर्ज घेऊन आलेले घरमालक निवृत्त शिक्षक होते. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांनी खासगी दवाखान्यातल्या एका नर्सला भाड्याने दिला होता. भाडेकरारात तिचं एकटीचं नाव होतं आणि राहत होत्या दोघी.

“बाई चांगली हाय साहेब,” गुरुजी म्हणाले, “पण उद्या काही झालं तर तुमी मलाच धरताल.”

त्यांची भीती खोटी नव्हती. भाडेकरूंची माहिती ठाण्याला दिली नाही म्हणून मागच्याच महिन्यात आम्ही दोन घरमालकांवर गुन्हे दाखल केले होते.

मी ठाणे अंमलदाराला अर्जाची नोंद घ्यायला सांगितली आणि दोघींना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून घेतलं. नर्स चाळिशीची, सोनपेठकडची, विधवा. ड्यूटी संपवून तशीच आली होती. दुसरी तेवीस-चोवीस वर्षांची, शिलाईच्या दुकानात कामाला. तिचं उजवं मनगट किंचित वाकडं होतं. माहितीचा फॉर्म समोर ठेवला तशी ती खुर्चीतून उठलीच.

“गावचं नाव नका लिहू साहेब.”

“का? काही गुन्हा करून आलीस?”

उत्तर नर्सनं दिलं. “हात मोडून आमच्या दवाखान्यात आली होती. नवऱ्यानं मोडलेला. त्याच्या आधी दोनदा माहेरी पळून गेली, दोन्ही बारीला भावानंच परत नेऊन घातलं. म्हणून सुट्टी झाल्यावर मी माझ्याकडं आणलं. लय भेलेली हाय ती.”

नवऱ्याविरुद्ध तक्रार दे, मी मुलीला म्हणालो. तिने नकारार्थी मान हलवली. तक्रार केली की ठावठिकाणा कळणार, एवढंच ती म्हणाली.

“हे बघ, नियम सगळ्यांना सारखा,” मी म्हणालो. “हा कागद फायलीत राहतो. इथून बाहेर जात नाही.”

असे फॉर्म पडताळणीसाठी मूळ गावच्या ठाण्याकडे जातात, हे मला माहीत होतं. त्या क्षणी ते लक्षात आलं नाही, की समोरचं काम एकदाचं आटपायचं होतं, हे मी आज खात्रीनं सांगू शकत नाही. मुलीनं नर्सकडे पाहिलं. नर्स म्हणाली, “लिही. साहेब म्हणायलेत ना.” मुलीनं नाव, माहेरचं गाव आणि मोबाईल नंबर लिहिला. गुरुजींनी करारात दुसरं नाव घालून घेतलं आणि मी अर्ज निकाली काढला.

तीनएक आठवड्यांनी नर्स धावत ठाण्यात आली. मुलगी आदल्या दिवशी कामावरून परतलीच नव्हती. आम्ही ती बेपत्ता असल्याची मिसिंग दाखल केली. अशा प्रकरणात सोबत राहणाऱ्या माणसालाच बरंच ठाऊक असतं, असा माझा अनुभव. म्हणून मी नर्सलाच केबिनमध्ये दोन तास बसवून घेतलं. भांडण झालं होतं का, तिला कुणाकडे पाठवलं, तेच तेच प्रश्न फिरवून विचारले.

शेवटी ती म्हणाली, “सहा महिने मी शेजारणीला बी तिचं गाव सांगितलं न्हाई. आन तुमी मलाच इचारायलाव?”

मोबाईल कंपनीकडून कॉलचा तपशील आला. मुलीला आलेला शेवटचा फोन अकरा मिनिटांचा होता आणि तो तिच्या आईच्या नंबरवरून होता. मी तो कागद नर्सला दाखवला.

“हे शिम मी नवीन घेऊन दिलं व्हतं. नंबर तिघांकडंच व्हता साहेब. माझ्याकडं, दुकानाच्या मालकिणीकडं, आन तुमच्या त्या कागदावर.”

मी जावक नोंदवही मागवली. चौथ्याच दिवशी फॉर्म पडताळणीला रवाना झाला होता. पत्रावर सही माझीच होती.

देवगाव फाट्यावरच्या एका चहाच्या हॉटेलच्या कॅमेऱ्यात ती एसटीतून उतरताना दिसली. पुढच्या सीटवर आई बसलेली जीप आली. मुलगी हसत मागे बसली. गाडी भाऊ चालवत होता. तिसऱ्या दिवशी एका पडक्या विहिरीत तिचं प्रेत मिळालं. पंचनाम्याला मी स्वतः उभा होतो. ओळख पटवायला नर्सला आणलं. तिनं वाकडं मनगट हातात धरलं आणि सोडेचना.

भाऊ तिशीचा होता, शांत. तिनंच उडी मारली, असं पहिल्यांदा सांगत राहिला. मी एकच प्रश्न लावून धरला : नंबर कुठून मिळाला?

त्यानं माझ्याकडे नवलानं पाहिलं. “तुमच्याच कागदावरून की. आमच्या ठाण्याचे हवालदार घरी आले व्हते. म्हणले, तुमची पोरगी सुखरूप हाय, आता घोर करू नका.”

तो हवालदार वाईट माणूस नव्हता. हरवलेल्या मुलीच्या आईला आपण चांगली बातमी देतोय, असंच त्याला वाटलं.

“आईला फोन लावायला लावला,” भाऊ पुढे म्हणाला. “आईचा आवाज ऐकला की ती येती, माहीत व्हतं.” मुलीला घरी आणायचंय, असं आईला सांगितलं होतं. नवरा सोडून पळाली, गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही, असं म्हणत दुपारपर्यंत त्यानं कबूल केलं की आईला घरी उतरवून त्यानं बहिणीला विहिरीत ढकललं.

पण पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. साखळी पुराव्यानं जोडावी लागते. पडताळणीचं पत्र आणि हवालदाराचा जबाब हे त्या साखळीतले दोन दुवे होते. दोषारोपपत्रात मी ते दोन्ही लावले नाहीत. ‘आरोपीने मयताचा ठावठिकाणा शोधून काढला’ अशी एक ओळ लिहिली. तसं करायला मला कुणी वरिष्ठानं सांगितलं नव्हतं.

खटल्यात आई फितूर झाली. “पोरगी दुसऱ्यांच्या फोनवरून माझ्याशी रोज बोलायची, नंबर तिनंच दिला,” असं तिनं शपथेवर सांगितलं. आरोपीच्या वकिलानं तेच उचलून धरलं. घरच्यांशी एवढे गोड संबंध असताना भाऊ खून कशाला करेल? मुलगी मनानं खचलेली होती, तिनं जीव दिला. नंबर कुठून आला याचं दुसरं उत्तर आमच्या कागदपत्रांत नव्हतंच. संशयाचा फायदा देऊन भावाला सोडलं.

निकालानंतर कोर्टाच्या व्हरांड्यात नर्स मला भेटली.

“साहेब, त्या फॉर्मचं तुमी लिहिलंच न्हाई?”

“नाही.”

मी आणखी काही सांगेन म्हणून ती थांबली. मग तिनं पर्स खांद्याला अडकवली आणि बस स्टँडच्या दिशेनं चालत गेली. गुरुजींचा फ्लॅट तिनं आधीच सोडला होता.

पोटभाडेकरूचा नियम चुकीचा नाही. घरात कोण राहतं हे मालकाला आणि पोलिसांना माहीत असायला हवं, हे मी आजही म्हणेन. मात्र एखादा माणूस आपलं गाव सांगताना उठून उभा राहतो, तेव्हा पेन खाली ठेवून त्याचं ऐकून घ्यायचं असतं. हे मला त्या प्रकरणानं शिकवलं, पण ते समजेपर्यंत माझ्या हातून दोन चुका होऊन गेल्या होत्या, आणि दुसरी मी समजून उमजून केली होती.

अपिलाची मुदत कधीच संपली. भाऊ गावातच शेती करतो. मी निवृत्त झालो, तो हवालदारही झाला. आज हे सगळं लिहून काढल्यानं कुणालाही शिक्षा होणार नाही. मलासुद्धा नाही.