एका नंबरावर दोघं

श्रवणयंत्रांच्या त्या केंद्रात त्यांना सगळे किल्लीकाकू म्हणत. नाव ठेवलं होतं तिथल्या तंत्रज्ञाने, आणि त्यात टिंगल होतीच. काकूंकडे कुणी काहीही विचारायला गेलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "ते ठीक आहे हो, पण याची किल्ली काय?"

मुलं मार्गी लागल्यावर काकूंनी प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं, तेव्हा नवरा म्हणाला होता, "शिंगं मोडून वासरांत शिरायची हौस आली वाटतं!" काकू शिरल्या, आणि वासरांनीही जरा सरकून जागा दिली. पुढे या केंद्राच्या मॅडमनी त्यांना कामावर घेतलं, कारण केंद्रात कागदी कार्डांचा नुसता उकिरडा झाला होता. बहिरेपण प्रत्येकाचं वेगळं. कुणाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, कुणाला जाड. म्हणून कुठला आवाज किती वाढवायचा, याचं सेटिंगही प्रत्येकाच्या यंत्रात वेगळं. ते कॉम्प्युटरात जपायचं आणि यंत्र दुरुस्तीहून कोरं होऊन आलं की पुन्हा त्यात भरायचं, एवढी सोय काकूंनी करायची होती. नोकरी अजून कच्ची होती. मॅडम पक्की करणार की नारळ देणार, ते महिनाअखेरीस ठरायचं होतं.

काकूंनी कॉम्प्युटरात मांडणी केली ती एखाद्या कपाटासारखी: एक किल्ली, एक खण, खणात एका माणसाचं सेटिंग. किल्ली सांगितली की खण उघडतो, शोधाशोध नाही. आणि किल्ली म्हणून त्यांनी घेतला फोन नंबर. नंबर काही दोघांचा एक नसतो, असं त्यांना वाटलं. ज्यांच्या घरात डोकी तितके फोन, त्यांना असंच वाटणार! पण केंद्रात येणारी माणसं म्हातारी. त्यांच्या घरी दोघांत मिळून एक फोन, नाहीतर सरळ मुलाचाच नंबर दिलेला.

हे उघडकीला आलं एका घरातल्या दोघी जावांपैकी थोरलीमुळे. यंत्र दुरुस्त करून नेलं आणि दुसऱ्याच दिवशी बाई दारातून कडाडल्या, "अहो, हे काय भरलंत माझ्या कानात? चमचा पडला तरी छत कोसळल्यासारखं वाटतं, आणि समोरचा काय बोलतो ते मात्र कळत नाही!"

काकूंनी खण उघडला. आत सेटिंग होतं, पण ते धाकट्या जाऊबाईंचं. दोघींचा नंबर एकच. धाकटीची तपासणी नंतर झाली, तिचं सेटिंग त्याच खणात गेलं आणि थोरलीचं निमूट पुसलं गेलं. या कपाटाचा स्वभावच असा, की खण भरलेला असला तरी 'अहो, इथे कुणीतरी आहे' असं ते म्हणत नाही. नवं घेतं, जुनं टाकतं. काकूंना हे पुस्तकातून तोंडपाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि अंगाशी येणं वेगळं.

"उभा जन्म आम्ही दोघींनी एका स्वयंपाकघरात काढला," थोरल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही तर आमचे कानसुद्धा एकत्र केलेत!"

त्यांची तपासणी नव्याने झाली आणि बाई शांत होऊन गेल्या. काकूंनी सगळी मांडणी मोडून पुन्हा केली. आता प्रत्येक माणसाला स्वतःचा क्रमांक, तीच त्याची किल्ली. फोन नंबराच्या खणात फक्त त्या घरच्या माणसांची रांग, माणूस वाढलं की रांग वाढते. आणि माणसाच्या खणातही जुन्या सेटिंगच्या मागे नवं येऊन उभं राहतं, कुणी कुणाला ढकलत नाही.

मॅडम खूश झाल्या. "चला, मिटलं एकदाचं."

"नाही मिटलं, मॅडम," काकू म्हणाल्या. "जुनी कार्डं रद्दीत गेली, आता आणखी कुणाकुणाचं पुसलं गेलंय ते कळायला मार्गच नाही. पुसल्याची खूणसुद्धा राहत नाही. घरोघर जाऊन विचारायला हवं."

"बैल गेला आणि झोपा केला, आता त्याची दवंडी पण पिटायची का? ज्याला त्रास होईल तो येईल की आपणहून. आली ती एकच बाई."

"त्या भांडखोर आहेत म्हणून आल्या. जो गप्प बसणारा आहे, त्याने यंत्र काढून कपाटात टाकलं असेल."

"केंद्राचं नाव जाईल, काकू. आणि महिनाअखेर तुमचीही आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. पण त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. लोकांना तसंच सांगेन."

मॅडम उठल्या. मग तपासणीची पेटी काढत पुटपुटल्या, "मी येते बरोबर. निदान तपासणी तरी धड होईल."

आधी फोन करून पाहिले, पण ऐकू न येणाऱ्याला फोनवर 'नीट ऐकू येतं का?' विचारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून दोघी पायीच निघाल्या. बऱ्याच घरी सगळं ठीक निघालं. एका घरी बोलणी खावी लागली, ती काकूंनी मान खाली घालून खाल्ली.

मग एका शिंपीआजोबांचं घर लागलं. काम सोडून त्यांना काही वर्षं झाली होती. दार आजींनी उघडलं. त्यांच्या कानात यंत्र होतं आणि त्यांना छान ऐकू येत होतं.

"यांचं? यांनी कधीच काढून ठेवलंय," आजी म्हणाल्या. "हल्ली बोलतच नाहीत हो. खिडकीशी बसून असतात. वय झालं, दुसरं काय!"

काकूंच्या लगेच लक्षात आलं. फोन मुलाचा, दोघं एकाच नंबरावर. त्या आजोबांच्या समोर जाऊन बसल्या आणि मोठ्याने, सावकाश म्हणाल्या, "आजोबा, माझी चूक झाली. तुमच्या यंत्रात आजींचं माप भरलं गेलं."

आजोबांनी मान वर केली. "दुसऱ्याचं माप?"

"हो. तुमचं काही बिघडलेलं नव्हतं."

"मला वाटलं, डोकंच गेलं माझं," आजोबा म्हणाले. "लोक बोलायचे, मला अर्थ लागायचा नाही. भलतंच उत्तर देऊन हसं कशाला करून घ्यायचं? म्हणून गप्प राहिलो."

"आणि मी मेली समजत होते, माझ्यावर रुसलेत," म्हणत आजींनी डोळ्याला पदर लावला.

मॅडमनी जराही घाई न करता तपासणी केली, नवं सेटिंग भरलं आणि यंत्र स्वतःच्या हाताने आजोबांच्या कानात बसवलं. पेटी आवरताना त्या काकूंच्या कानाशी म्हणाल्या, "राहिलेल्या घरांना उद्यापासून सकाळीच निघू. आणि नोकरीचं म्हणाल, तर ती पक्की समजा."

तेवढ्यात आतून हाक आली, "आई, पाहुण्यांना चहा ठेवू का?"

आजोबा गर्रकन वळले. "कोण बोललं?"

"अहो, सूनबाई! दुसरं कोण?"

"तिचं लग्न होऊन ती आली, तेव्हा यंत्र दुरुस्तीला होतं," आजोबा म्हणाले. "तिचा आवाज आज पहिल्यांदाच नीट ऐकतोय. बाळ, इकडे ये. बोल काहीतरी."

सून दारात येऊन गोंधळून उभी राहिली. "काय बोलू, बाबा?"

"काहीही."

तिला काही सुचेना. मग ती सांगू लागली, की साखर संपत आलीय, दूध उतू गेलं होतं म्हणून शेगडी पुसायचीय, आणि बाहेर वाळत घातलेले कपडे अजून ओलेच आहेत. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. ती थांबली, की हाताने खुणावत होते, अजून बोल.