लांबणमास्तर आणि माझी छत्री

लांबणमास्तरांना कुठलीही गोष्ट सुरू करता यायची, थांबवता यायची नाही. रस्त्यात कुणी रंकाळ्याची वाट विचारली, तर "पावणं, असं करा" म्हणून सुरू व्हायचे. विचारणारा शेवटी कंटाळून रिक्षात बसायचा, तर हे रिक्षाच्या दांडीला धरून उरलेली वाट सांगायचे. त्यांना खरं नाव होतं, पण गल्लीत ते कुणी वापरलं नाही.

मास्तर माझ्या भिंतीपलीकडे राहायचे. एकटेच. सगळी नोकरी पोलीस बँडात सॅक्सोफोन वाजवण्यात गेली. हे पितळेचं वाकडं वाद्य असतं, लांबून बघितलं तर नळाची तोटी वाटते. बँडात पुढचा माणूस काठी खाली आणतो आणि सगळे एकदम गप्प होतात. मास्तर म्हणायचे, "आक्का, जन्मभर दुसऱ्याच्या काठीवर थांबलोय. आता रिटायर झालोय. आता कशाला थांबू?"

म्हणून रोज संध्याकाळी वाजवायला बसले की थांबायचे नाहीत. फार झालं की मी लाटण्यानं भिंत बडवायची. मग मात्र तिथल्या तिथं बंद. सूर अर्धा बाहेर, अर्धा आत. आणि पलीकडून आवाज यायचा, "आक्का, आत्ता कुठं रंगत आलतं की!"

"उद्या रंगवा. आज मला जेवायचं हाय," मी ओरडायची.

आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा जाझ वाजवणारी मंडळी जमतात. पियानोवर दाताचे एक डॉक्टर. ड्रमवर बाळू, त्याचं शाहूपुरीत बॅटऱ्यांचं दुकान आहे. आणि कॉलेजातले एक सर कपाटाएवढं व्हायोलिन उभं राहून वाजवतात. चर्चच का, तर पियानो तिथंच आहे, आणि छत उंच असल्यानं आवाज वर जाऊन सावकाश खाली येतो. सॅक्सोफोनला माणूस नव्हता, म्हणून त्यांनी मास्तरांना घेतलं.

जाझ म्हणजे काय ते मला कुणी समजावलं नाही, ऐकून कळलं. आमच्या महिला मंडळात एकाच सुनेची गोष्ट चौघी चार तऱ्हेनं सांगतात, तसं ते आहे. आधी सगळे मिळून गाणं वाजवतात. मग एकेकजण आपलं आपलं वाजवतो, बाकीचे मागं हं हं करतात. शेवटी परत सगळे एक होतात. अमेरिकेतली साठ-सत्तर वर्षांपूर्वीची गाणी आहेत म्हणे. मला जुनी वाटली नाहीत. डोकं मात्र दुखलं.

पाळकसाहेबांची अट एकच होती, सातच्या आत आटपायचं, कारण सातला प्रार्थनासभा असते. पहिल्याच महिन्यात मास्तरांची पाळी आली आणि ते सुरू झाले. सात वाजले. प्रार्थनेच्या बायका बायबल घेऊन दारात उभ्या राहिल्या. पाळकसाहेब खाकरले. मग त्यांनी दिवे घालवले. मास्तर अंधारात वाजवत राहिले. दिवे परत लावले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेलेच होते, त्यांना काही कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर माझ्याकडे आले. "आक्का, परत असं झालं तर चर्च मिळणार नाही. मास्तरांना काढावं लागेल."

भिंत पातळ आहे. पलीकडून लगेच आवाज आला, "बँडानं रिटायर केलं, आता ह्यातनं बी काढा!" त्या संध्याकाळी ते वाजवायला बसले नाहीत. मला सुखानं जेवता आलं असतं, पण मी ताट झाकून ठेवलं.

मीच डॉक्टरांना निरोप धाडला, की ह्यांना थांबवते मी.

पुढच्या महिन्यात मी पुढच्या बाकावर लाटणं घेऊन बसले. पाळकसाहेब जवळ येऊन हळूच म्हणाले, "आक्का, ते नको. लोकांना वाटेल जेवण आहे." मग छत्री ठरली. छत्री वर झाली की मास्तरांनी थांबायचं.

मास्तर म्हणाले, "तुमाला कंटाळा आला की करा वर. डॉक्टर खुणवतोय म्हणून न्हाय. खोटा कंटाळा चालायचा न्हाय."

"मला खरा भरपूर येतोय. काळजी करू नका," मी म्हणाले.

छान चाललं. मी छत्री वर केली की मास्तर वाद्य खाली घ्यायचे, जुन्या सवयीनं सलाम ठोकायचे आणि ओठातल्या ओठात म्हणायचे, "आत्ता कुठं रंगत आलतं." एकदा पावसात एका बाईनं गळकी छत्री झटकायला वर धरली. मास्तर थांबले, वाद्य बाजूला घेऊन गरजले, "कोण हाय ते? थांबवायचा अधिकार फकस्त आक्काला हाय!" ती बाई छत्रीसकट बाकाखाली गेली. नंतर मास्तरांनी आपल्या बँडाच्या युनिफॉर्मची लाल दोरी काढून माझ्या छत्रीला बांधली. "आता वळखू येतंय," म्हणाले. बाजारात मी ती छत्री घेऊन गेले की भाजीवाली विचारायची, आक्का, भरती झालासा काय?

गेल्या पावसाळ्यात मास्तर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. जन्मात एवढी एकच गोष्ट त्यांनी झटपट केली. मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी पलीकडून काही ऐकू येईना, तेव्हा मी लाटण्यानं भिंत बडवली. सुरू करा म्हणून बडवायची ती पहिलीच वेळ.

पंचगंगेवर सगळं उरकलं. पुढच्या महिन्याचा कार्यक्रम डॉक्टरांनी रद्द केला नाही. मास्तरांचा सॅक्सोफोन खुर्चीवर ठेवला. सगळ्यांनी मिळून गाणं वाजवलं, डॉक्टरांनी आपलं वाजवलं, मग मास्तरांची पाळी आली. ती त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही. बाळू हळू टकटक करत राहिला, सरांचं कपाट डुम डुम करत राहिलं, आणि पुढं खुर्ची.

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

छत्री मांडीवर होती. डॉक्टरांनी भुवया उडवून विचारलं, कधी? मी नाही म्हणून मान हलवली. बाळूला घाम सुटला. मागं कुणीतरी शिंकलं. प्रार्थनेच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. पाळकसाहेब माझ्याशेजारी येऊन वाकले.

"आक्का, सात वाजून गेले."

"जाऊ देत. आत्ता कुठं रंगत आलंय."

पाळकसाहेब माझ्याच बाकावर बसले. बायकाही आत येऊन बसल्या. कंटाळा यायची मी वाट बघत होते. तो येईना, आणि खोटा चालत नाही. पण बाळूचे हात भरून आलेले दिसत होते, सर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. त्यांनाही घरं आहेत.

शेवटी केली छत्री वर. नाहीतर मास्तर काही थांबले नसते.