उतारावर थांबवणार कोण

गेल्या सोमवारी सकाळी साडेदहाला माजिवड्याच्या आमच्या वेल्डरला एका बड्या गाडीमालकाने चारचौघांत बदनाम केलं. "याच्याच हुकामुळे माझा ड्रायव्हर जायबंदी झाला," म्हणाला. तेव्हापासून वेल्डरकडे कोणी काम आणत नाही.

ट्रेलर पाहायचा म्हणजे हा माणूस चपला काढून आधी पुढच्या दांडीवर बसतो. वजन कुठे पडतंय ते त्याला बसल्यावरच कळतं. मग दमलेल्या आवाजात निकाल देतो, समोर कोणीही असो.

दोन महिन्यांपूर्वी या मालकाला शर्यतीची गाडी ट्रेलरवर घालून जुन्या जीपने न्यायची होती.

"मोठा टेम्पो बघा साहेब. नायतर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लावा."

"अरे, जीप ओढते ना आरामात?"

"ओढेल हो. उतारावर थांबवणार कोण?"

मालक हसला. वेल्डरने जीपला ट्रेलर जोडायचा हुक बसवायला साफ नकार दिला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "तू तरी जाऊ नको रे." मालकाने हुक कळव्यात दुसऱ्याकडून बसवून घेतला. घाटात ट्रेलरने जीपला ढकलत नेलं आणि ड्रायव्हरचा पाय गेला.

हुक याचा नव्हता, हे सांगणारी पत्रकं वाटून मी थकलो. हा भांडतसुद्धा नाही. परवा गेलो तर त्याच ड्रायव्हरच्या कुबडीची उंची जुळवत होता, स्वतः तिच्यावर रेलून. "जाऊ दे रे," एवढंच बोलला.

वेल्डरने नकार दिला तेव्हा हे वाचणारे तुम्ही काहीजण समोरच्या टपरीवर चहा पीत होतात. सगळं ऐकलंत. उद्या सकाळी त्याच्या दुकानासमोर या आणि मोठ्याने सांगा, हा नाही म्हणाला होता.