हवेच्या ब्रेकवर सोडलेलं इंजिन

सुरतेकडच्या डिंडोलीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर माझं नाव काढा. बापूनं तापीच्या पुरातून इंजिन पोहत काढलं, बापूच्या शिट्टीनं बारडोलीतल्या म्हशी आटल्या — सगळं ऐकायला मिळेल. सगळं मीच पसरवलेलं. या तोंडाला कधी झाकण नव्हतं. तरी एक गोष्ट त्यातून बाहेर पडली नाही — बायकोपुढे नाही, देवापुढे नाही, दोन घोट पोटात गेल्यावरही नाही. आज कागदावर उतरवतोय, कारण बोलायला बसलो तर तिलाही फोडणी देईन. स्वतःला ओळखतो मी.

सुरतेच्या बाहेर एक कापडाची मिल. तिची स्वतःची साइडिंग होती, म्हणजे मुख्य लाइनीपासून फुटलेला मिलपुरता रूळ. मोठी गाडी कोळशाचे डबे फाट्यावर सोडून जायची, तिथून बॉयलरपर्यंत ते ओढायचं काम आमच्या इंजिनाचं. विलायती डिझेल — चार चाकांचं, बुटकं, मान आखडलेल्या हेल्यासारखं. अर्धी उमर कुठल्याशा बंदरावर घालवून आमच्याकडे आलेलं. अंगावर इंग्लंडातल्या कारखान्याची पितळी पाटी, म्हणून सगळे त्याला ‘गोरा’ म्हणायचे. ड्रायव्हर मी. डब्यांच्या साखळ्या जोडायचा भिका. माझ्याच गावचा, अमळनेरकडचा. सुरतेत आलो तेव्हा एका खोलीत, एका स्टोव्हवर शिजवून खाल्लेलं आम्ही.

आता ब्रेकचं सांगतो. सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गोऱ्याला दोन ब्रेक. एक हवेचा — दांडा ओढला की चाकं धरली. पण इंजिन बंद असलं की टाकीतली हवा हळूहळू गळते, आणि हवा गेली की चाकं सुटून इंजिन उताराला लागतं. म्हणून उतरण्याआधी दुसरा, हाताचा ब्रेक आवळायचा. कॅबमधलं लोखंडी चाक गरागरा फिरवायचं, आणि खाली उतरून रुळावर लाकडी गुटका ठोकायचा. दंड भरून येतात. मला त्याचा कंटाळा. टपरीवर माणसं माझी वाट बघत बसलेली असायची, गोष्ट अर्धी राहिलेली असायची — चाक कोण फिरवत बसणार?

एकदा गोरा असाच आपोआप चार हात सरकला. सुपरवायझर धावत आला. मी म्हणालो, “साहेब, मी न्हाई हो! आतला गोरा साहेब चालवतोय, त्याला अजून बंदराची सवय आहे!” काय हसले सगळे! साहेबही हसला. आणि मी सुटलो.

बस. तिथून ती गोष्ट वाढत गेली. त्या आतल्या गोऱ्या भुताला टोपी आली, तोंडात पाइप आला, शिवी दिली की तो खवळतो हे आलं. पुढच्या दसऱ्याला लोक त्याच्यापुढे नारळ फोडायला लागले. आणि मी? गोरा सरकला की मी मोकळा! थाप मारली तीच कामाला आली — असा ड्रायव्हर हिंदुस्थानात दुसरा नसेल. सांगताना अजून छाती फुगते बघा. थू!

त्या दिवशी सकाळी साखळीत भिकाचं बोट चेमटलं. त्यानं गोऱ्याला आईवरून शिवी हासडली. सगळ्यांनी ऐकली. दुपारी मी इंजिन बंद केलं, हवेचा दांडा ओढला आणि टपरीवर गेलो. हाताचा ब्रेक लावला नाही. गुटका लावला नाही. विसरलो असं लिहिता आलं असतं — विसरलो नव्हतो. ब्रेकच्या चाकाकडे बघितलं होतं मी. बघून उतरलो.

भिका पाठमोरा, डब्याची साखळी उचलत होता. गोरा आवाज न करता आला. इंजिनाच्या आणि डब्याच्या बफरमध्ये, धक्का झेलणाऱ्या लोखंडी थाळ्यांमध्ये, भिकाचा उजवा हात सापडला. दवाखान्यात तो खांद्याखालून काढला.

पण माझं पाप इथं संपत नाही. इथं सुरू होतं. मॅनेजरनं सगळ्यांसमोर विचारलं, ब्रेक लावला होतास? आणि मी — छातीवर हात ठेवून — म्हणालो, “लावला होता साहेब. पण भिकानं सकाळी त्याला शिवी दिली होती.” कुणीही हसलं नाही. माना हलवल्या! शिकलेसवरलेले, खिशाला पेन लावलेले, मान हलवत उभे! संताप होतो मला अजून. कुणी एकानं तरी माझी गचांडी धरायची होती. मिलला बिघाड लिहून मोकळं व्हायचं होतं, लोकांना भूत हवं होतं. आणि मी दिलं. त्यांच्यावर किती चिडू? हात त्यांनी नाही घेतला.

दवाखान्यात गेलो तेव्हा मला खरंच रडू फुटलं. भिकानं डाव्या हातानं माझं डोकं थोपटलं. “रडू नको भो. तुन्हा काय दोष? मीच त्याले शिवी दिधी व्हती.”

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

मागच्या महिन्यात मिलनं गोऱ्याला रंग देऊन गेटपाशी चौथऱ्यावर चढवला. समारंभ झाला. जुना ड्रायव्हर म्हणून मला बोलावलं — दोन शब्द सांगा बापू, ते भुताचं सांगा. भिकाही आला होता, रिकामी बाही खिशात खोचून, पिशवीत नारळ घेऊन. नारळ ठेवला, आणि नमस्कार करायला गेला. एका हातानं कसा करणार? त्यानं माझा उजवा हात ओढला, आपल्या डाव्या तळव्याला लावला, आणि आमच्या दोघांच्या जोडलेल्या हातांनी इंजिनासमोर वाकला. “चुकनू बाबा. माले माफ कर.”

मी हात काढून घेतला नाही. वाकलो त्याच्याबरोबर.

मग माइक हातात घेतला आणि भुताची गोष्ट सांगितली. टोपीसकट, पाइपसकट, शिवीसकट. भिका पहिल्या रांगेत बसून मान हलवत होता.