दोन उन्हं बाकी

आमच्या विहीणबाई कोल्हापूरहून आल्या त्या काकवीची बरणी, कोल्हापुरी चपला आणि एक प्रश्न घेऊन. चंदनसारच्या आमच्या गॅलरीतून समोरच्या इमारती न्याहाळत त्यांनी विचारलं, "विरारचं म्हणून न्यावं असं काही मिळतं का हो?"

"सुकेळी," मी पदर सावरून ठसक्यात सांगितलं. "वाळवलेली राजेळी केळी. जगात दुसरीकडे मिळत नाहीत."

जगाचं मला काय ठाऊक? पण आता माघार नव्हती. त्यांची बस दुसऱ्या दिवशी रात्रीची. त्या दिवशी सकाळीच त्यांना रिक्षात घालून स्टेशनपलीकडे पश्चिमेला नेलं. बाजारात दुकानदार हसले, "हल्ली करतं कोण?" विहीणबाईंनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, की मी रिक्षा थेट आगाशीतल्या केळीच्या वाड्यांकडे वळवली.

एका वाडीत मांडवावर सोललेली केळी ऊन खात पडली होती, मधाच्या रंगाची. मी हातच जोडले.

मांडवाखालची म्हातारी मावशी म्हणाली, "नाय देनार. दोन उन्हं बाकी हायेत."

"मावशी, पाहुण्या आज निघाल्यात."

"मग त्यांना जाऊ दे. केळी नाय जायची."

मी आवाज कापरा केला. "ही माझ्या लेकीची सासू. रिकाम्या हातानं परतली, तर माझ्या पोरीचं काही खरं नाही."

"अहो, मी इथंच उभी आहे," विहीणबाई म्हणाल्या.

मावशीनं त्यांना खालून वर न्याहाळलं. "दिसते खरी तशी." मग उठली. "ने. पन सांजेला गोळा करून पानांत गुंडाळायची, सकाळी परत उन्हात. दव लागलं तर आंबतील. मग माझं नाव घेऊ नको."

मी मान डोलावायच्या आत विहीणबाईंनी पदर खोचला. "यांच्या गॅलरीत ऊन येतं कुठं? गच्चीवर मी बसते."

बसचं तिकीट रद्द झालं. दोन दिवस त्या छत्री आणि काठी घेऊन गच्चीवर होत्या. कावळ्यांचीच काय, माझीसुद्धा केळ्यांजवळ फिरकायची हिंमत झाली नाही. शेवटी सुक्या पानात बांधलेली पुडकी पोटाशी धरून त्या बसमध्ये चढल्या.

शेजारच्या बाईनं विचारलं, "काय आहे हो?"

"सुकेळी. मी केलीत."

"विरारची म्हणा," मी खिडकीखालून ओरडले. बस सुटली.